माळवदाखालची नावे

त्या वर्षी आमच्या धाराशिव जिल्ह्यात जो तो आपापल्या पणजोबांना शोधीत होता. वर्ष २०२३. मराठवाड्यातील कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली आणि कचेऱ्यांतून कित्येक वर्षे न सुटलेले निजामकालीन दप्तरांचे रुमाल सोडले जाऊ लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, असे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू यावेत असे ते दिवस होते. मोडी वाचणाऱ्या माणसाला कधी नव्हे तो मान आला. उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींच्या दारात आम्ही स्वतः माणसांची रांग पाहिली आहे. ज्यांनी आजवर आजोबांच्या पलीकडे विचारच केला नव्हता, ती माणसे खापरपणजोबांचे नाव तोंडपाठ करून हिंडत होती.

आमचा या धामधुमीशी काही संबंध नव्हता. आम्ही आपले मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी आणि वसतिगृहातील मुले यांत गुंतलेलो. नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. त्यातील एका सायंकाळी प्रार्थना आटोपून आम्ही बाहेर आलो तेव्हा पायरीपाशी चपला काढून एक चाळिशी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "फादर, तुम्ही आमच्या भावकीतले आहात म्हणत्यात."

आम्हांला हसू आले. धर्मगुरूला भावकी असते हे आम्ही स्वतःच विसरलो होतो. पण गृहस्थांनी आमच्या आजोबांचे नाव घेतले, त्यांच्या वडिलांचे नाव घेतले आणि आम्ही त्यांना आत नेऊन बसविले.

आमच्या आजोबांविषयी आमच्या घरात एवढेच ठाऊक होते की ते 'मोगलाईतले'. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने सरहद्दीवरच्या गावांतून माणसे बार्शीकडे निघाली, त्या लोंढ्यात तेही निघाले. बार्शीहून मजुरी करीत करीत श्रीरामपूरच्या बाजूस साखर कारखान्याच्या ऊसमळ्यांत पोचले. तेथे त्यांनी १९४९च्या पुनरुत्थान सणाला स्नानसंस्कार घेतला. कारखान्याच्या हजेरीपटावर कारकुनाने आडनाव ऐकले तसे लिहिले, तेच पुढे आमचे आडनाव झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, पण आजोबा परत गेले नाहीत. आम्ही लहान असतानाच ते वारले. त्यांचे गाव कोणते, हे आम्ही वडिलांना विचारले होते. वडील म्हणाले होते, "रजिस्टरात आहे."

रजिस्टरात होते खरे. आम्ही सेमिनरीत असताना एकदा मुद्दाम जाऊन ते पाहिले होते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी धर्मग्रामाची स्नानसंस्काराची नोंदवही दाखला घेण्यापुरतीच पाहिली असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. या वह्यांची परंपरा फार जुनी. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरूने विवाहांची वही ठेवलीच पाहिजे असा दंडक घातला. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या सांगितल्या : स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि पाचवी मोठी गोड नावाची, 'आत्म्यांची स्थिती'. या पाचव्या वहीत धर्मगुरूने घरोघर जाऊन कुटुंबवार माणसे लिहायची : घरात कोण कोण, वय काय, कोणते संस्कार झाले. १९८३च्या धर्मसंहितेतही कलम ५३५ अन्वये ही जबाबदारी धर्मगुरूवर आहे. एखाद्याने स्नानसंस्कार घेतला की पुढे त्याचे दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांचे टिपण त्या मूळ नोंदीच्या समासात यावे लागते. म्हणजे माणूस कोठेही गेला तरी त्याचा धागा पहिल्या पानाशी बांधलेला. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्या चोपड्यांत लिहून ठेवतात. सोलापूर-कोल्हापूरकडे बैलावरून येणारे हेळवी कुळांच्या वंशावळी म्हणून दाखवितात. गोखले, आपटे, केळकर अशा घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापून काढले. आमच्या पूर्वजांची, म्हणजे गावकुसाबाहेरच्या महारांची, वंशावळ कोणी लिहायची? दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा पहिल्यांदा आमच्यासारख्यांच्या घरातले आजी-आजोबा छापील पानावर आले. त्याआधीचा आमच्या घराण्याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे एका परदेशी धर्मगुरूने लॅटिन रकान्यांत लिहिलेली ती एक ओळ.

त्या ओळीत आजोबांचे वय 'अंदाजे २५', वडिलांचे नाव आणि गावाचे नाव होते. गावाचे नाव ऐकून रोमन लिपीत लिहिलेले. तसे गाव आम्हांला कोणत्याही नकाशात सापडले नाही. आम्ही नाद सोडून दिला होता.

त्या सायंकाळी पाहुण्यांना आम्ही ते नाव म्हणून दाखविले. ते म्हणाले, "अहो, ते आमचंच की गाव. आमच्याकडं तसंच म्हणत्यात." आणि त्यांनी नकाशातले, कागदोपत्रीचे नाव सांगितले.

आम्ही थोडा वेळ बोललो नाही. ते लोहारा तालुक्यातील, तेरणेच्या खोऱ्यातील गाव होते. ते गाव आम्ही पाहिलेले होते. (गावाचे नाव येथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.)

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे झोपी गेलेली, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे झालेली, आणि किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. ती भूकंपाने गेली असे म्हणतात, पण खरे तर घरांनी घेतली. या भागातील घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची, वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. भिंती फुटल्या आणि ते माळवद निजलेल्या माणसांवर आले.

आम्ही तेव्हा पुण्याच्या सेमिनरीत तेवीस वर्षांचे 'ब्रदर' होतो. मदतपथकात नाव दिले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येथे आलो. ढिगारे उपसण्याचे आणि अंत्यविधीचे काम लष्कराच्या जवानांनी केले होते. आमच्याकडे सोपे काम आले. अक्षर बरे म्हणून आम्हांला आणि आणखी एका ब्रदरला याद्या करण्यास बसविले. पाऊस झालेला, पत्र्याच्या आडोशाला एक बाकडे, समोर माणसांची ओळ. वहीत चार रकाने : कुटुंबप्रमुख, वाचलेले, गेलेले, काय हवे. लोक नावे सांगत. पहिल्या दिवशी आम्ही सगळी लिहिली. दुसऱ्या दिवशी ओळ लांबली, कांबळी संपत आली, मागून हाका येऊ लागल्या. आम्ही 'गेलेले'च्या रकान्यात लिहू लागलो : 'पत्नी, मुले २'. 'आई, पत्नी, मुले ३'. वही पुढे कोणाच्या तरी हवाली केली. ती आता कोठे आहे, कोणास ठाऊक.

पाहुणे सांगत होते की भूकंपात त्यांची आई, दोन भाऊ आणि एक बहीण गेली. ते स्वतः बारा वर्षांचे होते, वडिलांबरोबर विसर्जनाहून परत येऊन ओट्यावरच झोपले म्हणून वाचले. आम्ही मनाशी हिशेब केला. पत्नी, मुले ३. त्या गावच्या याद्या दोघांनीच लिहिल्या होत्या. ती ओळ आमच्या हातची की दुसऱ्या ब्रदरच्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या रात्री आम्ही पाहुण्यांना काही सांगितले नाही. वाढून जेवू घातले, आणि झोपण्यास चादर दिली.

आता त्यांच्या कामाविषयी. त्यांची मुलगी बारावीला होती. पुढच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. जमीन नाही म्हणून सातबारा नाही, पणजा शाळेत गेला नाही म्हणून शाळेचे रजिस्टर नाही, आणि घरात जी पत्र्याची पेटी होती ती माळवदाखाली गेली. कोणीतरी श्रीरामपूरकडच्या लग्नात ऐकून आले होते की चुलत घराण्यातला एक नातू फादर झाला आहे आणि हल्ली आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याच्याकडे जुने काहीतरी असेल. आमच्याकडे ती १९४९ची ओळ होती. त्यात त्यांच्या आणि आमच्या सामायिक पूर्वजाचे नाव आणि गाव होते, पण ती ओळ होती ख्रिस्ती झालेल्या माणसाची.

येथूनच आमच्या घराण्याच्या दप्तराचा आरंभ झाला. आम्ही पाहुण्यांना म्हणालो, एका कागदाने भागणार नाही, सगळी भावकी गोळा करू. कोणाच्या घरी काय उरले आहे ते एकत्र आणू. आपल्या सगळ्यांचे मिळून एक घराण्याचे दप्तर करू. पाहुण्यांना तो फादरचा उत्साह वाटला असावा. पण ते मान हलवून गेले.

काम कसे केले ते सांगतो, कारण आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी त्यानंतर विचारले आहे. दोनशे पानांची एक पक्क्या बांधणीची वही घेतली. एका कुटुंबाला एक पान, उजवीकडचे पान भरावयाचे आणि डावे कोरे ठेवावयाचे, कारण दुरुस्ती येतेच. प्रत्येक नोंदीखाली ती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेच पाहिजे. दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या, निवाडा करायचा नाही. फोटोंच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहायची, बॉलपेनने नव्हे. जुने कागद लॅमिनेट करायचे नाहीत, सेलोटेप लावायची नाही. आमच्या एका चुलतभावाने आजीचा एकुलता एक रेशनकार्डाचा तुकडा मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करून आणला. आता तो आतून पिवळा पडतो आहे आणि सोडविता येत नाही. कागदांचे फोनवर फोटो काढायचे, पण त्यावर विसंबून राहायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकच प्रत एकाच घरात ठेवायची नाही. हे शेवटचे भूकंपाने शिकविले. वहीची झेरॉक्स करून एक प्रत पुनर्वसित गावात, एक सोलापुरात, एक पुण्यात आणि मूळ वही आमच्याकडे लोखंडी कपाटात.

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहालयात आम्ही वसतिगृहाच्या मुलांना दरवर्षी नेतो. प्राचीन तगर नगराच्या त्या जागी लोक ज्या खापऱ्या आणि मणी मातीत तुडवीत होते, ते या एका माणसाने वेचून ठेवले आणि पुढे त्याचे सरकारी संग्रहालय झाले. वही घेऊन गावोगाव फिरताना त्यांची आठवण पुष्कळदा आली. त्यांच्या खापऱ्या निदान भांडत नव्हत्या.

व्हॉट्सॲपवर घराण्याचा एक गट निघाला आणि पंधरा दिवसांत एकसष्ट माणसे झाली. त्यांत तुळजाभवानीचे पोत खेळणारे घर आहे, १९५६नंतर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेली घरे आहेत, आणि आम्ही ख्रिस्ती. सकाळी एक जण देवीचा फोटो टाकी, दुसरा 'नमो बुद्धाय' लिही, आमचा भाचा मरियामातेचे चित्र धाडी. यावरून भांडण झाले नाही, हे विशेष. भांडण झाले ते लेकींच्या नावांवरून.

आमच्या एका चुलत्यांनी पाठविलेल्या वंशावळीत चार पिढ्यांत एकही मुलगी नव्हती. आम्ही विचारले, तर ते म्हणाले, "त्या दिलेल्या घरच्या." मग पुढे गेल्यावर खरे कारण निघाले. दोन एकरांची एक जमीन त्यांच्या वडिलांनी घेतलेली, वारस नोंद अजून व्हायची. "फादर, वहीत बहिणींची नावं घालायची म्हणजे सातबाऱ्यावर घालायची का?" त्यांची भीती खोटी नव्हती. कायद्याने मुलीचा वाटा आहेच, वहीत लिहिले काय आणि न लिहिले काय. आम्ही तसे सांगितले, तेव्हा ते गटातून बाहेर पडले. सात महिन्यांनी परत आले. बहिणींची नावे त्यांनी स्वतः नाही, त्यांच्या सूनबाईंनी पाठविली.

लेकींच्या नावांचा खजिना मात्र दुसरीकडेच होता. पाहुण्यांची आत्या, म्हणजे आमचीही चुलत आत्याच, आजोबांच्या धाकट्या भावाची लेक, ऐंशी पार केलेली. विधवा होऊन माहेरी आलेली, भूकंपातून वाचलेली. तिला "तुमच्या आत्यांची नावे सांगा" म्हटले की दोन नावांनंतर ती अडखळे. एकदा पाहुण्यांची मुलगी तिला म्हणाली, "आज्जे, जात्यावरचं म्हण की." आणि म्हातारी म्हणू लागली. माहेरची ओवी म्हटली की तीत कोणत्या गावाला कोण दिली, कोणाला भाऊ आणायला गेला, वाटेत कोणती नदी लागली, हे सगळे ओघाने येते. तीन ओव्यांत चार गावे आणि तीन बायका सापडल्या. एक औशाकडे, एक आळंदकडे, एक उमरग्यात. पुण्यात गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी आयुष्य वेचून एक लाखाहून अधिक अशा ओव्या गोळा केल्या, हे आम्ही विद्यार्थिदशेत ऐकले होते. पॉइत्वाँ हे पूर्वाश्रमीचे फ्रेंच धर्मगुरू. तेव्हा आम्हांला ते लोकसाहित्याचे काम वाटले. आत्याच्या पुढ्यात बसल्यावर कळले की ती बायकांची नोंदवही आहे.

नावांविषयीही पुष्कळ शिकायला मिळाले. वहीच्या पहिल्या दहा पानांत दगडू, धोंडी, कोंडी ही नावे पुन्हा पुन्हा येतात. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्याला असे नाव ठेवीत, म्हणजे यमाची नजर पडू नये. तेव्हा वहीत एक दगडू लिहिला की त्याच्या मागे न लिहिलेली दोन-तीन तरी लेकरे आहेत असे समजावे. मुलगी नको असताना झाली तर नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलली गेली. आमच्या वहीतील नकुशीला बदललेले नाव मिळाले नाही. ती तशीच वारली आणि तशीच लिहिली आहे.

आत्यालाच आम्ही १९९३च्या यादीची गोष्ट सांगितली. पाहुणे तेथेच बसलेले होते. सांगताना आमची जीभ जड झाली, इतक्या वर्षांच्या प्रवचनांची सवय काही कामास आली नाही. आम्ही म्हणालो, तुमच्या माणसांना आम्ही नावे विचारली नाहीत, नुसता आकडा लिहिला. आत्याने जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "लिव्हलंस तर खरं लेकरा. कांबळं मिळालं व्हतं आम्हाला. आता नावं लिव्ह." आणि तिने तिघांची नावे सांगितली, वये सांगितली, धाकटीला कोणते बोरन्हाणाचे झबले होते तेही सांगितले. पाहुणे उठून बाहेर गेले होते. त्या दिवसापासून ते आम्हांला 'फादर'ऐवजी 'दादा' म्हणतात. त्या दोन गोष्टींचा संबंध आहेच असे नाही.

आता जे सांगावयाचे ते अवघड आहे.

जातवैधतेच्या अर्जाला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल तर त्याचा मोठा आधार होतो. आमच्या वहीमुळे असा एक जण निघाला, सोलापूरचा चुलतभाऊ, ज्याला आठ वर्षांपूर्वी वैधता मिळाली होती. पाहुण्यांना त्याचे अस्तित्वच ठाऊक नव्हते. सगळे जुळत आले. आणि एका रात्री पाहुण्यांचा फोन आला. अर्ज भरून देणाऱ्या माणसाने सल्ला दिला होता की वंशावळीत ख्रिस्ती फांदी दाखवू नका, उगाच प्रश्न निघतील. "दादा, तुमच्या आजोबांचं नाव तेवढं वगळतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. या अन्यायावर आमच्या समाजाने मोर्चे काढले, आम्ही स्वतः त्यांत चाललो आहोत. पण ज्या फांदीने धर्म बदलला नाही तिला या आदेशाने काही बाधा येत नाही, हे आम्हांला ठाऊक होते. पाहुण्यांनाही आम्ही तेच सांगितले. आणि हेही सांगितले की प्रतिज्ञापत्रावर शपथ घ्यावयाची असते. पणजोबांना दोन मुलगे होते, एक नव्हे. दोन्ही लिहा, थोरल्यापुढे लिहा : 'सन १९४९ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला.'

त्यानंतर तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही.

त्या तीन आठवड्यांत आम्हांला पुरती झोप लागली नाही. शपथेविषयी आमचे म्हणणे चुकीचे होते असे आजही वाटत नाही. पण सत्य बोलावे असे सांगणारे आम्ही, ना मूल ना बाळ, ना आमचा कसला प्रवेश अडलेला. काही घोटाळा झाला असता तर किंमत सतरा वर्षांच्या मुलीने मोजली असती. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती येथे कबूल करतो. तीस वर्षांनी भावकी सापडली आणि तिने आम्हांला कागदावरून पुसावे, हे आम्हांला लागले होते. तेव्हा आम्ही सत्यासाठी बोललो की आजोबांच्या नावासाठी, हे आम्ही नीट सांगू शकत नाही.

पाहुण्यांनी दोन्ही मुलगे लिहिले. समितीने १९४९च्या नोंदीविषयी काही विचारले नाही. २०२४च्या जूनमध्ये वैधता मिळाली, सोलापूरच्या भावाच्या आधारावर. मुलगी आता पुण्यात शिकते आहे आणि सुटीत आली की वहीची राहिलेली पाने फोनवर उतरविते.

पण सगळीच गाठ अशी सुटली नाही. आमच्याच जवळच्या नात्यात एक जण आहे ज्याची दोन नावे आहेत. एक आमच्या रजिस्टरात, एक शाळेच्या दाखल्यावर. अशी माणसे आमच्या वाचकांच्याही नात्यात असतील, आणि ती का तशी झाली हे वाचकांना सांगावे लागणार नाही. वहीची प्रत गटात फिरू लागली तेव्हा तो आमच्याकडे आला. रागावला नव्हता. म्हणाला, "मामा, मला तुमच्या झाडावर चढवू नका. माझ्या पोरांच्या नोकऱ्या आहेत." गावाचे नाव आम्ही वर लिहिले नाही, ते त्याच्यासाठी.

सेमिनरीत पवित्र शास्त्र शिकविणारे आमचे गुरू मत्तयकृत शुभवर्तमानातील वंशावळ मोठ्या चवीने शिकवीत. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, आणि तिसरा मोजला तर तेराच भरतात, यावर ते वर्गाला हसवीत. मत्तयाने अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे सरळ गाळले आहेत. तामार, राहाब, रूथ ही नावे त्याने घेतली, आणि चौथीचे नाव न घेता 'उरियाची बायको' एवढेच लिहिले. तेव्हा आम्ही परीक्षेपुरते हे पाठ केले होते. त्या संध्याकाळी आम्ही तेवढेच पान काढून पुष्कळ वेळ बसलो. गाळणे आणि नाव न घेणे यांत अंतर आहे. फिरत्या प्रतीतून आम्ही भाच्याचे नाव काढले, पण त्याच्या आईच्या नावाखालची रेघ काढली नाही. ती रेघ खाली जाते आणि एका रिकाम्या चौकोनाशी थांबते. धर्मग्रामाच्या रजिस्टरात त्याची नोंद आहे तशी आहे, तिला हात लावण्याचा आम्हांला अधिकार नाही. हे बरोबर केले की कसे, याविषयी आमच्या एका सहकारी धर्मगुरूंचे मत वेगळे आहे, आणि त्यांच्याशी आमचा वाद अजून मिटलेला नाही.

गेल्या मे महिन्यात पुनर्वसित गावी आत्याकडे गेलो होतो. जुन्या गावठाणावर आता बाभळी आहेत. नव्या गावात सरळ रस्ते, एकासारखी एक घरे, कोठेही माळवद नाही. आत्याला उमरग्यास डोळे दाखवायला न्यायचे होते म्हणून दोघे एस्टीने निघालो. पंचाहत्तरीपुढच्यांना एस्टी फुकट, तरी वाहक तिकीट फाडून देतो, शून्य रुपयांचे. आत्याने ते पदराच्या गाठीत बांधले. उतरताना तिने आमचा हात धरला आणि म्हणाली, "एक ऱ्हायली बघ. तुझ्या आज्याच्या पाठची. लहानपणीच गेली, म्हणून कुणी म्हणत न्हाई." नाव सांगितले. वही मागे राहिलेली. आम्ही तिच्या पदरातले तिकीट मागून घेतले आणि त्याच्या पाठीवर नाव लिहिले. त्या तिकिटांची शाई दोन-चार महिन्यांत उडून जाते, म्हणून घरी येताच रात्री ते नाव वहीत उतरविले. आजोबांच्या शेजारी डावे पान कोरे होते.